ठसका लागत नाही, म्हणजे गिळणं ठीक?

आजोबांना चहा पिताना ठसका लागला की कुणीतरी पाठीवर थोपटत म्हणतंच, “वर बघा, वर बघा!” नेमकं हेच करू नये. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते आणि घशात उरलेला घोट तिकडे घसरू शकतो. खोकता येतंय तोवर किंचित पुढे वाकून खोकू द्यावं.

‘वय झालं, ठसका लागायचाच’ हा दुसरा समज. वयानुसार गिळणं थोडं मंदावतं, हे खरं. पण वारंवार ठसका, तासभर लांबणारं जेवण, घशात अडकणाऱ्या गोळ्या, उतरलेलं वजन यांचं खापर वयावर फोडू नये. मागे पक्षाघात, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश असू शकतो; कधी नुसती तोंड कोरडं पाडणारी औषधंही.

सगळ्यात घातक समज मात्र उलटा: ‘ठसका लागत नाही ना, मग झालं!’ घशाची संवेदना बोथट झाली की पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि खोकलाही येत नाही. कळतं ते थेट न्यूमोनिया झाल्यावर. म्हणून विचारून, तपासून बघावं लागतं. ‘ईएटी-१०’ या प्रश्नावलीत १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढची तपासणी. दुसरी चाचणी पाण्याची: ९० मिलिलिटर पाणी न थांबता प्यायचं. मध्येच थांबणं, खोकणं किंवा नंतर आवाज घरघरणं म्हणजे नापास. ही प्रशिक्षित माणसानेच घ्यावी, सहसा स्पीच थेरपिस्टने. (होय, गिळणंही त्यांच्याच अखत्यारीत येतं.) पक्षाघातानंतर तर गिळणं तपासल्याशिवाय गोळी नाही, भेटायला आलेल्यांचा ‘दोन घोट चहा’ही नाही.

नापास म्हणजे लगेच नाकातून नळी, असं मुळीच नाही. ही चाळणी मुद्दामच बारीक ठेवलेली असते. अडकलेले बरेच जण पुढे नीट गिळणारे निघतात. खरा निवाडा बेरियमचा घास गिळतानाच्या एक्स-रे चित्रणातून किंवा नाकातून घातलेल्या दुर्बिणीतून होतो.

आणि दूध-पोळीचा काला? मऊ असला तरी पातळ दूध आणि तुकडे एकदम सांभाळणं अशा घशाला जड जातं. पाणी मात्र मनानेच दाट करून देऊ नये; दाट पाणी माणसं कमी पितात आणि शरीरातलं पाणी घटतं. त्यापेक्षा दात, जीभ, कवळी रोज घासावी. फुप्फुसात उतरणारे जंतू बहुतेकदा तोंडातलेच असतात.