पातेल्यात फुलणारं सफरचंद

ब्रॅम्ली कच्चं खाल्लं की दात आंबतात. हिरवंगार, बसकं, अंगानं जरा वेडंवाकडं आणि मुठीत न मावणारं हे सफरचंद इंग्लंडच्या दुकानांत इतर सफरचंदांच्या शेजारीच ठेवलेलं असतं. पाटीवर ते शिजवायचं असल्याचं लिहिलेलं असतं, पण नव्यानं आलेला आपला माणूस पाटी कशाला वाचतोय! इथल्या लोकांच्या डोक्यात मात्र खायची सफरचंदं कोणती आणि शिजवायची कोणती, ही वाटणी पक्की असते. पिकल्या हापूसची आमटी करणाऱ्याकडे आपण ज्या नजरेनं पाहू, त्या नजरेनं ते कॉक्ससारख्या खायच्या सफरचंदाची चटणी करणाऱ्याकडे पाहतात.

नॉटिंगहॅममध्ये सप्टेंबर सरत आला की घरांच्या फाटकांबाहेर खोकी दिसू लागतात. परसातल्या झाडाखाली पडलेली ब्रॅम्ली त्यांत भरलेली असतात आणि वर ‘हवी तेवढी न्या’ अशी चिठ्ठी असते. एकेका झाडाला इतकं फळ येतं की एका कुटुंबाला ते संपवणं शक्यच नसतं. मीही पिशवी भरून आणते. पण आंबटपणासाठीच वेगळं फळ लावायचं, तर त्याचा आंबटपणा शिजल्यावर करतो तरी काय, हे पाहावंसं वाटलं आणि शेगडीवर लहान पातेली मांडली. ब्रॅम्ली, कॉक्स, ग्रॅनी स्मिथ आणि गोल्डन डिलिशस. सगळ्यांच्या सारख्या जाडीच्या फोडी, चमचाभर पाणी, साखर नाही, मंद आच आणि वर झाकण.

ब्रॅम्लीनं पाच-सहा मिनिटांतच रंग दाखवला. आधी फोडींच्या कडा धूसर झाल्या, मग त्यांवर फेस यावा तसा गर फुलून आला आणि फोड जागच्या जागी विरघळली. घोटावं लागलं नाही, चाळणीची गरज पडली नाही. पातेल्यात फिकट पिवळसर, हलका, ओला गोळा उरला. शेजारी गोल्डन डिलिशसच्या फोडी शिजून पारदर्शक झाल्या तरी चिमट्यानं उचलता येत होत्या. कॉक्स मऊ पडलं, पण त्यानं आकार टिकवला. ग्रॅनी स्मिथनं मला बुचकळ्यात टाकलं. जिभेला ते आंबट लागतं, म्हणून ते ब्रॅम्लीच्या वाटेनं जाईल असं वाटत होतं. त्याच्या कडा ढासळल्या, पण फोड फोडच राहिली.

नुसत्या आंबटपणावर भिस्त ठेवता येत नाही, ती यामुळे. सफरचंदाच्या गराच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. उष्णतेनं हे पेक्टिन सैल होतं, पण किती लवकर, हे जातीवर ठरतं. ब्रॅम्लीत मॅलिक आम्ल भरपूर असतं आणि ते या सुटण्याला हातभार लावतं. शिवाय सफरचंदाच्या आकारमानाचा जवळजवळ चौथा हिस्सा नुसती हवा असते. सफरचंद पाण्यावर तरंगतं ते म्हणूनच. पेशी सुटू लागल्या की तापलेली हवा आणि वाफ त्यांना आणखी दूर ढकलतात. पातेल्यातलं ते फुलणं हेच. चवीच्या बाबतीत मात्र आम्लच कामाला येतं. गोड सफरचंद शिजवून त्यात साखर घातली की नुसतं गोडमिट्ट होतं. ब्रॅम्लीत साखर घातल्यावरही सफरचंदाची चव मागे हटत नाही. क्रंबलखाली किंवा पायमध्ये तेच का घालतात, हे एक चमचा चाखल्यावर कळतं.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे येते. इथल्या मराठी घरांत ब्रॅम्ली सर्रास कैरीच्या जागी वापरतात. पन्हं उत्तम होतं: गर शिजवा, गूळ घाला, वेलची-केशर घाला, पाहुण्याला सांगितलं नाही तर ओळखू येत नाही. आंबेडाळीत गंमत कमी. किसलेलं ब्रॅम्ली पाणी सोडतं आणि पाहता पाहता काळवंडतं. लिंबू पिळून झटपट कालवलं आणि लगेच वाढलं, तरच धडगत. लोणच्याच्या वाटेला जाऊ नये. कैरीच्या फोडीला बाठीकडची जी टणक बाजू असते, ती सफरचंदाच्या गराला कुठून येणार?

मेथांब्याची गोष्ट वेगळी. मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद यांच्या फोडणीत कैरीच्या फोडी टाकायच्या, पाण्यात शिजू द्यायच्या आणि मऊ झाल्यावर गूळ घालायचा, हा आपला क्रम. ब्रॅम्लीला तो चालत नाही. गूळ पडेपर्यंत फोड शिल्लक राहत नाही. म्हणून इथं उलटं करायचं. फोडणीत तिखट, मीठ आणि थोडं पाणी घालून आधी गूळ विरघळवायचा, पाक जरा दाटला की जाडसर फोडी सोडायच्या, दोन उकळ्या येऊ द्यायच्या आणि गॅस बंद करून झाकण ठेवायचं. गुळाचा पाक फोडीतलं पाणी ओढून घेतो आणि तिचं विरघळणं लांबवतो. अगदी कैरीसारखी धरून राहत नाही, पण पोळीबरोबर उचलण्याइतकी राहते. साल ठेवली तर आणखी बरं.

खाण्याच्या सफरचंदांकडे वळायचं तर केंटमध्ये फॅव्हरशमजवळच्या ब्रॉगडेलला जावं. तिथल्या राष्ट्रीय फळसंग्रहात सफरचंदाच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत, प्रत्येकीची दोन-दोन झाडं. रांगांमधून फिरताना लालभडक, चकचकीत फळावरचा विश्वास हळूहळू उडतो. डिस्कव्हरी ऑगस्टमध्ये येतं, झाडावरून काढल्या काढल्या रसाळ लागतं, कधी आत गुलाबी झाकही असते. पण काही दिवस ठेवलं की त्यातली जान जाते. कॉक्स पिकलं की कानाशी धरून हलवावं, आतल्या बिया खुळखुळतात. त्यात गोड, आंबट आणि सुवास यांचा जो मेळ आहे, तो मला दुसऱ्या कुठल्या सफरचंदात सापडलेला नाही. आणि एग्रेमॉन्ट रसेट! तपकिरी, खरखरीत, बटाट्याच्या सालीसारखं दिसणारं. पुण्याच्या बाजारात ते कुणी उचलणार नाही. चावलं की मात्र कोरडसर, दाट गर आणि सुक्या मेव्याची चव. खारट चीजच्या तुकड्याबरोबर त्याला तोड नाही.

झाडावरचं फळ तयार आहे का, हे ओढून पाहायचं नसतं. तळहात फळाखाली धरून ते वर उचलायचं आणि किंचित फिरवायचं. देठ सहज सुटला तर ते तयार. उशिरा येणाऱ्या जाती काढल्यावर लगेच खाण्यात अर्थ नाही. थंड जागी एकमेकांना न टेकवता ठेवल्या की त्यांतल्या पिष्टाची साखर होते आणि आंबटपणा उतरतो. ऑक्टोबरात काढलेलं ब्रॅम्ली वसंतापर्यंत पिवळं पडतं, सालीला तेलकट तकाकी येते. तेव्हा ते कच्चंही खाता येतं, पण पातेल्यात पूर्वीसारखा जोर करत नाही.

ब्रॅम्लीचं मूळ झाड माझ्या घरापासून फार लांब नाही, साउथवेल नावाच्या लहानशा गावात. मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं 1809 मध्ये बिया पेरल्या. सफरचंदाची बी आईवर जात नाही. आपल्या रायवळ आंब्यासारखं प्रत्येक झाड नवंच निघतं आणि बहुतेक वेळा सामान्यच. हे एक तसं निघालं नाही. 1846 मध्ये ते झाड असलेलं घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकानं विकत घेतलं. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर या रोपवाटिकावाल्याच्या सतरा वर्षांच्या मुलानं फळ पाहिलं आणि कलमासाठी काड्या मागितल्या. ब्रॅम्लीनं त्या दिल्या, पण फळाला आपलं नाव द्यायचं या अटीवर. बी पेरणारी लग्न होऊन केव्हाच त्या घरातून गेली होती. आपलं झाड एवढं नावाजलं जाणार आहे, हे तिला कधीच कळलं नाही. 1900 च्या सुमारास वादळात झाड आडवं झालं, तरी पडल्या खोडातून पुन्हा फुटलं. जगातलं प्रत्येक ब्रॅम्ली कलमांमागून कलमं करत त्याच एका झाडापर्यंत पोचतं. या जातीचे परागकण निरुपयोगी असतात, त्यामुळे बागेत तिच्या सोबतीला दुसऱ्या जातींची झाडं लावावी लागतात.

महाराष्ट्रात ब्रॅम्ली मिळत नाही, आणि आपल्याकडे कैरी असताना त्याचं दुःख करण्याचं कारणही नाही. शिजवायला सफरचंद हवंच असेल, तर लाल रंगाकडे पाठ फिरवावी. हिमाचलमध्ये सॅम्युएल स्टोक्स यांनी 1916 च्या सुमारास कोटगढला डिलिशस जातीची झाडं आणली आणि तेव्हापासून आपल्यासाठी सफरचंद म्हणजे लाल हेच ठरून गेलं. हे लाल डिलिशस आंबट नसतं, शिजल्यावर त्याची चव बोथट होते. त्याच बागांमध्ये परागीभवनासाठी गोल्डन डिलिशसची झाडं असतात. त्यांची हिरवट-पिवळी फळं बाजारात येतात तेव्हा गिऱ्हाईक त्यांना कच्ची समजून पुढे जातं. तीच घ्यावीत, जितकी हिरवट तितकी बरी. जाड फोडी करून तुपावर परताव्यात, वरून थोडी साखर आणि भरपूर लिंबू. फोडी मोडत नाहीत, शिऱ्यात घातल्या तरी दिसतात.