व्हायवा झाला, पुढे काय?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आपल्याकडे घरोघरी कुणी ना कुणी केलेला असतो. व्हायवा होतो, ब्लॅक बुक कपाटात जातं, विषय संपला!

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९९५ साली एडवर्ड कॉयल आणि लीआ जेमिसन या प्राध्यापकांनी ‘एपिक्स’ हा उपक्रम सुरू केला. तिथे प्रोजेक्टला खरा ग्राहक असतो, बहुधा गावातलीच एखादी सेवाभावी संस्था. बेघरांना मदत करणाऱ्या संस्थांची अडचण अशी, की एकच माणूस दोन-तीन ठिकाणी मदत घेई आणि तितक्या वेळा मोजला जाई. मुलांनी सर्वांसाठी एकच डेटाबेस उभारला. नुसती मोजणी सोपी होती हो. त्या माणसांची माहिती गुप्त ठेवून मोजायचं, हे अवघड.

मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. सेमिस्टर संपलं तरी टीम संपत नाही. पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतची मुलं एकत्र काम करतात. सीनियर गेले की ज्युनियर पुढे नेतात. काही बिघडलं तर संस्थेला फोन करायला कुणीतरी असतं.

मंडळाच्या वाचनालयासाठी ॲप बनवायचं तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल, तर तुमचं कॉलेज संपल्यावर पासवर्ड कुणाकडे राहणार, ते आधी ठरवा. वाचनालयातले काका पहिलं तेच विचारतील.