घाट चढताना हलके होणारे वजन

डहाणूहून आपण जव्हारला, सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आलो, की आपले वजन काही ग्रॅमांनी घटते. तराजूला ते कळत नाही. वजनेही तितकीच हलकी होतात! उंचीमुळे घटलेले मिळवले आणि डोंगराच्या दगडाची ओढ वजा केली, तर अपेक्षित आकडा यावा. येतो भलताच. मुंबईच्या किनाऱ्यावर तो जास्त, सह्याद्रीच्या माथ्यावर कमी. मुंबईखाली जड खडक दडला असावा, असे तकीन यांनी 1966 साली मांडले. पर्वताखाली हलक्या खडकाचे मूळ खोल जाते, हे एअरींनी 1855 सालीच सुचविले होते.

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत जमीन हादरू लागली, माणसे घराबाहेर निजू लागली. खाली आहे तरी काय? गुरुत्वमापक भूकंपाचे भाकीत करीत नाही. जड कोठे, हलके कोठे, एवढेच दाखवितो. तो जडपणा लहान पण उथळ, की मोठा पण खोल, यासाठी आपल्याला भूकंपलहरींचीच साक्ष काढावी लागते.