कर्जाच्या पाठीवरचा विमा (लेखांक ६) : फेटाळलेली तक्रार पुन्हा कधी उभी राहते?

मागच्या आठवड्यात ब्रिटनमधल्या ‘पीपीआय’चा, म्हणजे कर्जासोबत गळ्यात मारलेल्या विम्याचा, पसारा पाहिला. आता पुढचा प्रश्न. ‘विमा ऐच्छिक होता, अर्जावर तुमची सही आहे, सबब तक्रार अमान्य’ असे बँकेचे पत्र आले की विषय मिटला का? बहुतेकांनी तसेच धरले आणि पत्र फाइलला लावून टाकले.

नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सुझन प्लेव्हिन यांच्या खटल्याचा निकाल दिला. प्लेव्हिनबाई विधवा, कॉलेजात शिकवणाऱ्या. २००६ मध्ये त्यांनी पॅरागॉन कंपनीकडून दहा वर्षांसाठी ३४,००० पौंडांचे कर्ज घेतले. विम्याचे ५,७८० पौंडही कर्जातच मिळवले गेले आणि संरक्षण मात्र पाचच वर्षांचे! त्यातले १,८७० दलालाने ठेवले, २,२८० पॅरागॉनने. विमा कंपनीच्या हाती पडले १,६३०. म्हणजे ७१.८ टक्के रक्कम वाटेतच जिरली. कमिशन दिले जाते एवढे बाईंना मोघम कळवले होते. किती आणि कोणाला, याचा पत्ता नव्हता. एवढे कमिशन दडवल्याने ऋणको-धनको संबंधच अन्यायकारक ठरतो, असे न्यायालयाने ठरवले. गंमत अशी, की तीनच वर्षांपूर्वी अपील न्यायालयाने ८७ टक्के कमिशनाच्या प्रकरणात कर्जदाराला रिकाम्या हाताने परत पाठवले होते.

फेटाळलेल्या तक्रारींना धुगधुगी आली ती इथून. जुन्या तक्रारीत वाद होता विमा विकला कसा याचा. आता मुद्दा आला दडवलेल्या कमिशनाचा. सही असली तरी तो उरतोच. ऑगस्ट २०१७ पासून वित्तीय नियामकाने नियमच केला: न सांगितलेले कमिशन ५० टक्क्यांहून जास्त असेल तर वरचा भाग व्याजासह परत करा, आणि आधी नकार दिलेल्या पात्र ग्राहकांना बँकांनीच पत्र पाठवून कळवा.

ही पन्नासची रेघ मला बँकांच्या सोयीची वाटते. प्लेव्हिनबाईंचाच हिशेब या नियमाने केला तर मूळ परतावा सुमारे १,२६० पौंड, आणि दडवलेले कमिशन होते ४,१५०! न्यायालयांवर मात्र या रेघेचे बंधन नव्हते.

बँकेकडे तक्रार करण्याची मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपली. उरले कोर्ट, आणि तिथे बँका कालमर्यादेवर बोट ठेवत. विम्याचा हप्ता शेवटचा भरला त्याला किती वर्षे झाली, असा त्यांचा सवाल. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्मिथ यांच्या खटल्यात तो निकालात काढला: सहा वर्षे मोजायची ती कर्जसंबंध संपल्यापासून. विमा कधीच बंद झालेला, पण त्याच बँकेचे क्रेडिट कार्ड पुढे कैक वर्षे चालू, अशांना याचा फायदा. मात्र ६ एप्रिल २००८ पूर्वीच मिटलेल्या कर्जांना अन्यायकारक कर्जसंबंधांचा हा कायदा लागूच नाही.

तिकडे काही वर्षे नोकरी करून परतलेल्या आपल्या मंडळींनी जुने कार्ड नेमके कधी बंद केले ते आधी पाहावे. स्टेटमेंट नसेल तर विदासंरक्षण कायद्याखाली बँकेकडे खात्याची नोंद मागता येते. अर्जात विम्याची तारीख, हप्ते आणि खाते बंद झाल्याची तारीख, तिन्ही मागावीत. शिवाय कमिशन किती टक्के होते हे सरळ विचारावे.

(पुढील लेखांकात : आपल्याकडचे गृहकर्ज आणि त्यासोबतची पॉलिसी)