चांदीचे कण : जंतूंना विष, आपल्याला किती?

धातूंचे गुणधर्म आपण विज्ञानाच्या पुस्तकात शिकतो : चकाकी, वर्धनीयता, उष्णतेचे वहन वगैरे. पण धातूचा कण फारच लहान झाला की त्याचे वागणे बदलते. सोने पिवळे असते हे सांगायला सोनार नको. याच सोन्याचे वीस-तीस नॅनोमीटरचे कण पाण्यात पसरले तर मात्र ते पाणी लाल दिसते. २०२० मध्ये कोविडची साथ आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी चाचणीची पट्टी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली. अशा बऱ्याच पट्ट्यांवर उमटणारी तांबूस रेघ म्हणजे सोन्याचे सूक्ष्म कणच. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करावा.

सोने स्वभावाने शांत. चांदी तशी नाही, म्हणून या लेखात चांदीविषयीच बोलू.

एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा घन घ्या. वजन सुमारे साडेदहा ग्रॅम, म्हणजे तोळ्याहून थोडे कमी. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सर्वांचे मिळून पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते, म्हणजे कबड्डीची साडेचार मैदाने! (गणित स्वतः करून पाहा, सोपे आहे.) चांदी तेवढीच, पण पाण्याच्या व हवेच्या संपर्कात येणारी तिची बाजू दहा लाख पटींनी वाढली. या पृष्ठभागावरून चांदीचे आयन हळूहळू सुटतात. हे आयन जिवाणूच्या प्रथिनांतील गंधकाला चिकटतात, त्याची विकरे बंद पडतात, आवरण फाटते आणि जिवाणू मरतो.

हा गुण वैद्यकाला जुनाच माहीत आहे. १८८० च्या सुमारास जर्मनीत नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालू लागले आणि जंतुसंसर्गाने येणारे अंधत्व पुष्कळ कमी झाले. भाजलेल्या जखमेवर लावायचे चांदीयुक्त मलम १९६० च्या दशकाअखेरीस आले. सूक्ष्म कणांच्या पट्ट्या त्यानंतरच्या.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अबसार अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास बुरशीकडून चांदीचे कण करून घेतले. पुढे त्यांनी कडुनिंबाच्या पानांचा काढा वापरला. २००४ मध्ये तर गवती चहाच्या काढ्यातून सोन्याचे त्रिकोणी कण मिळवले. हो, आपण चहात घालतो तीच पात! काढ्यातील द्रव्ये धातूच्या क्षारांचे क्षपण करतात आणि तयार झालेल्या कणांभोवती लपेटून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. डॉ. शास्त्री नंतर टाटा केमिकल्सच्या पुण्यातील संशोधन केंद्रात गेले. त्या कंपनीने डिसेंबर २००९ मध्ये ‘स्वच्छ’ नावाचा जलशुद्धीकारक बाजारात आणला. भाताच्या तुसाची राख आणि तिच्यावर बसवलेले चांदीचे सूक्ष्म कण, एवढीच त्यातली करामत. वीज नको, नळ नको, किंमत हजार रुपयांच्या आत. तीन हजार लिटर पाणी गाळले की त्यातला संच आपोआप बंद पडत असे. ज्या घरी विहिरीचे पाणी पितात, त्यांना पावसाळ्यात याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण जिवाणूच्या प्रथिनांत जे गंधक आहे, तेच आपल्याही प्रथिनांत आहे. चांदीला आपला-परका कळत नाही. फरक पडतो तो मात्रेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे माणसाच्या पोटात आयुष्यभरात मिळून सुमारे १० ग्रॅम चांदी गेली तरी अपाय दिसत नाही. म्हणजे वर घेतलेला तो घनच जवळजवळ! भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चांदी चालते. रोज असे दोन लिटर पाणी सत्तर वर्षे प्यायले तरी सुमारे ५ ग्रॅमच होतात. तेव्हा या मर्यादेत बसणाऱ्या गाळणीच्या पाण्याला भिण्याचे कारण नाही.

भीती आहे ती ‘सर्व रोगांवर गुणकारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चांदीच्या पाण्याची. असे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांची कातडी निळसर-करडी झाल्याची उदाहरणे आहेत, आणि तो रंग पुन्हा जात नाही. असे औषध सुरक्षित व गुणकारी मानता येत नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केले. कण कडुनिंबाच्या काढ्यातून केले म्हणून निर्धोक, हाही गैरसमजच. काढा कडुनिंबाचा, पण आतला धातू चांदीच.

मोज्यांत आणि कपड्यांत चांदी घालण्याची हौस तर मला अनाठायी वाटते. अमेरिकेत २००८ मध्ये असे मोजे नुसत्या पाण्यात धुऊन पाहिले, तेव्हा काही मोज्यांतील जवळजवळ सगळी चांदी पाण्यात उतरली. जखमेवरची चांदी जीव वाचवते. पायाचा वास घालवायला तिची गरज काय? ते पाणी जाते सांडपाण्यात आणि तिथून ओहोळात. गोड्या पाण्यातल्या माशांच्या कल्ल्यांतून शरीरात क्षार घेतले जातात, त्या कामात चांदीचे आयन अडथळा आणतात. खाऱ्या पाण्यात क्लोराइड त्यांना बांधून ठेवते, त्यामुळे खाडीपेक्षा वरच्या ओहोळांना धोका अधिक. सेप्टिक टाकीत मात्र बरीचशी चांदी गंधकाशी मिळून सिल्व्हर सल्फाइड बनते आणि तिचा जोर पुष्कळ ओसरतो. चतुर्थीला कपाटातून काढलेल्या चांदीच्या तबकावर जो काळा थर दिसतो, तो हाच पदार्थ.