संगणकविज्ञानाची मूलतत्त्वे

संगणकविज्ञानाची मूलतत्त्वे : माहिती चिन्हांच्या रूपात कशी मांडावी, त्या चिन्हांवर कोणत्या क्रमाने क्रिया कराव्यात, त्या क्रिया यंत्राकडून कशा करवून घ्याव्यात आणि अशा क्रियांच्या मर्यादा कोणत्या, यांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या शास्त्राला संगणकविज्ञान म्हणतात. संगणक हे या शास्त्राचे साधन होय. माध्यमिक शाळेत यंत्र हाताळणे आणि शास्त्र समजून घेणे या दोन गोष्टी पुष्कळदा एकच मानल्या जातात. हाताळणीचे तपशील यंत्राबरोबर काही वर्षांतच बदलतात. मूलतत्त्वे मात्र टिकून राहतात व त्यांचा बराच भाग कागद-पेन्सिलीच्या साहाय्यानेही शिकता येतो. या तत्त्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : यंत्राला अर्थ आपोआप कळत नाही. ते चिन्हे ओळखते व नेमून दिलेल्या क्रिया करते. चिन्हांना अर्थ देणे आणि क्रिया अचूक सांगणे ही माणसाची जबाबदारी असते.

द्विमान अंकन : नित्याच्या व्यवहारातील दशमान पद्धतीत दहा अंकचिन्हे असतात व डावीकडच्या प्रत्येक स्थानाची किंमत दहापट होते. द्विमान पद्धतीत ० व १ ही दोनच चिन्हे असून स्थानाची किंमत दुप्पट होत जाते. उदा., १३ ही संख्या ८ + ४ + १ अशी मांडता येत असल्याने द्विमान पद्धतीत ती ११०१ अशी लिहितात. विद्युत् प्रवाह आहे किंवा नाही, चुंबकीकरणाची दिशा ही किंवा ती, अशा दोन अवस्था यंत्रात सहज व निःसंदिग्धपणे ओळखता येतात, म्हणून संगणकात ही पद्धती स्वीकारली गेली. ० किंवा १ या एका अंकाला बिट व आठ बिटांच्या गटाला बाइट म्हणतात.

दोन चिन्हांच्या मांडणीची कल्पना मराठी विद्यार्थ्याला छंदःशास्त्रातून परिचित असते. अक्षरगणवृत्तात प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असते व तीन अक्षरांचा एक गण होतो. प्रत्येक स्थानी दोन पर्याय असल्याने गणांची संख्या २ × २ × २ म्हणजे ८ होते. य, म, त, र, ज, भ, न व स हे ते आठ गण होत. लघूसाठी ० व गुरूसाठी १ लिहिल्यास न-गण ०००, य-गण ०११, र-गण १०१ व म-गण १११ असा येतो. अशा सर्व मांडण्या क्रमाने लिहून काढण्याची ‘प्रस्तार’ ही रीत पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. याच न्यायाने एका बाइटात २५६ वेगवेगळ्या मांडण्या बसतात.

अक्षरांचे संकेतन : संगणकात अक्षरे साठविण्यासाठी प्रत्येक अक्षराला एक संख्या नेमून देतात. भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले. जगातील सर्व लिप्यांना एकाच कोष्टकात सामावून घेणाऱ्या ‘युनिकोड’ या मानकाची पहिली आवृत्तीही १९९१ मधील आहे. त्यात देवनागरीसाठी २३०४ पासून २४३१ पर्यंतच्या १२८ जागा राखलेल्या आहेत.

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील अमडापूर या गावाचे नाव उदाहरणादाखल घेता येईल. ते अ (२३०९), म (२३५०), ड (२३३७), आकाराची खूण (२३६६), प (२३४६), दीर्घ उकाराची खूण (२३७०) व र (२३५२) अशा सात संख्यांनी दर्शविले जाते. यांपैकी २३०९ ही संख्या सोळा बिटांत ००००१००१०००००१०१ अशी लिहितात. आंतरजालावर सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या लेखनप्रकारात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणून हे नाव २१ बाइट जागा व्यापते. वाचणाऱ्याला ‘डा’ हे एक अक्षर दिसते, यंत्रात मात्र ती दोन चिन्हे असतात.

ग्रामनामाला जोडलेल्या ‘पूर’ या शब्दातील उकार दीर्घ लिहावा, असा मराठीच्या शासनमान्य लेखननियमांत नियम आहे. हिंदीत तो ऱ्हस्व लिहितात. ‘अमडापूर’ व ‘अमडापुर’ ही एकाच गावाची नावे आहेत, हे वाचकाला क्षणात कळते. यंत्र मात्र २३७० व २३६९ या संख्यांची तुलना करते व त्या भिन्न असल्याने दोन भिन्न नावे असल्याचा निष्कर्ष काढते. शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा उतारा व शिधापत्रिका यांतील नावे यंत्राने पडताळली जातात, तेव्हा एका मात्रेचा फरक अर्जदाराला अडचणीत टाकू शकतो. यात यंत्राचा बिघाड नसतो. ‘समान’ या शब्दाचा अर्थ यंत्राला पुरेसा स्पष्ट करून सांगितलेला नसतो. यावरील एक उपाय म्हणजे नावाऐवजी क्रमांकाने ओळख ठेवणे. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी स्वतंत्र क्रमांक देण्यात आला, त्यामागील तत्त्व हेच होय.

तर्क व विद्युत् मंडले : विधान सत्य किंवा असत्य असते, या कल्पनेवर आधारलेले बीजगणित इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये सविस्तर मांडले. ‘आणि’, ‘किंवा’ व ‘नाही’ या तीन क्रियांनी त्यातील कोणतेही संयुक्त विधान रचता येते. क्लॉड शॅनन या अमेरिकन अभियंत्यांनी १९३७ मध्ये असे दाखवून दिले की, हेच बीजगणित विद्युत् बटणांच्या मंडलांना लागू पडते. एकसरीत जोडलेली दोन बटणे ‘आणि’ची क्रिया करतात, तर समांतर जोडलेली दोन बटणे ‘किंवा’ची क्रिया करतात.

या मंडलांनीच बेरीज होते. दोन बिटांच्या बेरजेत दोन्ही बिट १ असतील तरच हातचा येतो, म्हणजे हातचा ही ‘आणि’ची क्रिया होय. बेरजेचा उजवीकडील अंक दोहोंपैकी नेमका एक बिट १ असताना १ असतो व हा नियमही वरील तीन क्रियांनी मांडता येतो. अशी मंडले ओळीने जोडली की कितीही अंकी संख्यांची बेरीज करता येते.

संगणकाची रचना : आदान विभाग, स्मृती, गणन व तर्क विभाग, नियंत्रण विभाग आणि प्रदान विभाग हे संगणकाचे मुख्य भाग होत. आदान विभागातून माहिती आत येते, स्मृतीत ती साठविली जाते, गणन व तर्क विभाग तिच्यावर क्रिया करतो आणि उत्तर प्रदान विभागातून बाहेर पडते. कोणती क्रिया केव्हा व्हावी, हे नियंत्रण विभाग पाहतो. ज्या संख्यांवर क्रिया करावयाची त्या संख्या आणि करावयाच्या क्रियांच्या आज्ञा या दोन्ही एकाच स्मृतीत साठवाव्यात, हे तत्त्व जॉन फोन नॉयमान यांच्या १९४५ च्या अहवालात मांडलेले आहे. त्यामुळे यंत्राची जोडणी न बदलता केवळ आज्ञावली बदलून वेगवेगळी कामे करून घेता येतात.

भारतात या तत्त्वावरील पूर्ण आकाराचे यंत्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. त्याची प्रायोगिक आवृत्ती १९५६ मध्ये पूर्ण झाली व पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सु. २,७०० इलेक्ट्रॉन नलिका होत्या. त्याच्या चुंबकीय स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे १०,२४० बाइट मावत. प्रस्तुत नोंदीचा संपूर्ण मजकूरही त्या स्मृतीत मावला नसता. इलेक्ट्रॉन नलिकांच्या जागी पुढे ट्रँझिस्टर व संकलित मंडले आली, यंत्राचा आकार घटला व वेग वाढला. परंतु रचनेचे तत्त्व तेच राहिले. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. अनेक संस्कारकांनी एकाच प्रश्नाचे भाग एकाच वेळी सोडवावेत, ही त्याची रीत होती. भटकर यांचे जन्मगाव मुरंबा हे बुलढाण्यालगतच्या अकोला जिल्ह्यात आहे.

गणनविधी : एखादा प्रश्न सोडविण्याच्या निःसंदिग्ध व सांत पायऱ्यांच्या मालिकेला गणनविधी किंवा अल्गोरिदम म्हणतात. शाळेत शिकविली जाणारी महत्तम साधारण विभाजक काढण्याची यूक्लिड यांची रीत हा गणनविधीच होय : मोठ्या संख्येला लहान संख्येने भागावे, बाकी शून्य असल्यास भाजक हे उत्तर, नसल्यास भाजकाला बाकीने भागून हीच कृती पुन्हा करावी. ८४ व ३६ या संख्यांसाठी पहिली बाकी १२ येते. ३६ ला १२ ने भागल्यास बाकी शून्य येते. म्हणून उत्तर १२. क्रमाने पायऱ्या, अटीनुसार निवड व पुनरावृत्ती या कोणत्याही आज्ञावलीच्या तीनही घटकांचा उपयोग या छोट्या रीतीत झालेला आहे.

एकाच प्रश्नाचे अनेक गणनविधी असू शकतात व त्यांना लागणाऱ्या श्रमांत मोठा फरक असतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये विद्यार्थ्यांची नावे दाखल क्रमांकानुसार असतात. हजार नोंदींतून ठराविक क्रमांक शोधताना मधली नोंद पाहावी व हवा असलेला क्रमांक लहान की मोठा यानुसार अर्धा भाग सोडून द्यावा; असे केल्यास जास्तीत जास्त दहा नोंदी पाहून काम भागते. दहा लाख नोंदींसाठीही वीस पुरतात. मात्र केवळ नाव माहीत असेल, तर नावांचा क्रम लावलेला नसल्याने प्रसंगी सर्व हजार नोंदी पाहाव्या लागतात. माहितीची मांडणी व ती शोधण्याचे श्रम यांचा असा निकट संबंध आहे.

नावांचा क्रम लावतानाही भाषेचा नियम यंत्राला स्वतंत्रपणे सांगावा लागतो. मराठी वर्णमालेत ळ हे अक्षर ह नंतर येते, म्हणून शब्दकोशात ‘कावळा’ आधी व ‘काळ’ नंतर येतो. युनिकोडच्या कोष्टकात मात्र ळ (२३५५) हा ल (२३५४) नंतर व व (२३५७) च्या आधी आहे. केवळ संख्या पाहून क्रम लावणारी आज्ञावली ‘काळ’ आधी ठेवते. दुसऱ्या भाषेसाठी लिहिलेली आज्ञावली मराठीला जशीच्या तशी लागू पडत नाही, हे यावरून दिसते. हे काम मराठी जाणणाऱ्या संगणकशास्त्रज्ञांनाच करावे लागते.

मर्यादा : प्रत्येक प्रश्नाला गणनविधी असतोच असे नाही. दिलेली कोणतीही आज्ञावली केव्हातरी थांबेल की अखंड चालू राहील, हे सर्व बाबतींत अचूक सांगणारा एकच गणनविधी असू शकत नाही. ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या संशोधनातून हा निष्कर्ष मिळाला. यंत्राचा वेग कितीही वाढला तरी ही मर्यादा दूर होत नाही. अलीकडे प्रसार पावलेल्या, मजकूर रचणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीही शब्दांचे संख्यांत रूपांतर करून त्यांवर प्रचंड प्रमाणात गुणाकार व बेरजा करतात. त्यांचे उत्तर ज्या मजकुरावरून त्या घडविल्या गेल्या त्यावर अवलंबून असते. म्हणून ते पडताळून पाहणे आवश्यक ठरते.

शालेय शिक्षण : भारत सरकारने १९८४-८५ मध्ये संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प निवडक माध्यमिक शाळांत सुरू केला, त्यासाठी बीबीसी मायक्रो ही यंत्रे वापरण्यात आली. महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे संगणक हाताळणीचे शिक्षण तालुक्याच्या व मोठ्या गावांपर्यंत पोहोचले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पूर्व माध्यमिक टप्प्यापासून आज्ञालेखनाच्या कृतींचा समावेश सुचविलेला आहे. पहिल्या प्रकल्पातील यंत्रे कधीच कालबाह्य झाली. द्विमान अंकन, तर्कक्रिया व गणनविधी यांत मात्र बदल झालेला नाही.

यामुळे यंत्रांची संख्या अपुरी असलेल्या शाळेतही या विषयाचा पाया घालता येतो. गणांवरून द्विमान संख्या लिहिणे, बटण व दिव्याने ‘आणि’, ‘किंवा’ची मंडले जोडणे, हजेरीपटातील नावांचा क्रम लावण्याच्या दोन रीतींतील तुलना मोजणे, वर्गमित्राने शब्दशः पाळाव्यात अशा सूचना लिहिणे, या कृतींना फारशी साधने लागत नाहीत. शेवटच्या कृतीत सूचनेतील संदिग्धता तत्काळ उघडी पडते. यंत्र प्रत्यक्ष हाती आल्यावर तेथे काय घडत आहे, हे अशा विद्यार्थ्याला समजते. आणि यंत्राचे उत्तर चुकले, तर चूक चिन्हांच्या मांडणीत आहे, आज्ञांत आहे की दिलेल्या माहितीत आहे, हे त्याला शोधता येते.