फोन धुवायचा नाही, पुसायचा
राधानगरीत रोपलावणीच्या दिवसांत चिखलाचा हात फोनला लागतोच. मग कुणी त्यावर थेट सॅनिटायझर फवारतं, कुणी साबण लावून नळाखाली धरतं. दोन्ही नको. काचेवर तेलरोधक थर (बोटांचे डाग धरू न देणारा पातळ लेप) असतो. नॉनस्टिक तव्यासारखा तो घासून किंवा ब्लीचने उतरतो. आधी चिखल ओलसर कापडाने काढावा, मग फोन बंद करून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने (जंतुनाशक पट्ट्यांत असतं ते) दमट केलेलं मऊ कापड हलकेच फिरवावं. ॲपलनेही २०२० मध्ये अशा पट्ट्या चालतील असं सांगितलं. शुद्ध अल्कोहोल जास्त परिणामकारक वाटतं, पण ते चटकन उडून जातं. जंतूंची प्रथिनं मोडायला सोबत थोडं पाणी लागतं. चार्जिंगच्या खाचेत मात्र थेंबही जाऊ देऊ नये.